उंदराने तोडलेल्या ६ वायरी आणि सोल्डरशिवाय केलेले ७ जॉइंट

जुलैमध्ये ताईच्या बाळंतपणासाठी आम्ही सगळे ट्रेनने सांगलीला गेलो होतो, त्यामुळे गाडी पुण्यात वारज्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये ९ दिवस तशीच उभी. परत आल्यावर चावी फिरवली, इंजिन चालू झालं पण असं थरथरायला लागलं की स्टिअरिंगवरचे हातसुद्धा हलत होते, आणि मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा. बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी नारळाच्या शेंड्या, कागदाचे कपटे आणि लेंड्या. पावसाळ्यात उंदरांना कोरडी उबदार जागा हवी असते, ती त्यांना आमच्या इंजिनवर मिळाली.

गाडी जुनी, ३ सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीने नोंदलेले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, माझ्याकडे होता, तो लावला तर ३ कोड आले, पी०१३५ म्हणजे धुरातला ऑक्सिजन बघणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट, पी०२०२ म्हणजे २ नंबरच्या इंजेक्टरचं, पेट्रोल फवारणाऱ्या भागाचं, सर्किट, आणि पी०३०२ म्हणजे २ नंबरचा सिलिंडर मिसफायर करतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. टॉर्च घेऊन बघितलं तर हिशोब लगेच जुळला, इंजेक्टरच्या दोन्ही वायरी कपलरपासून (वायरीच्या टोकाच्या प्लगपासून) तीनेक इंचावर तुटलेल्या आणि ऑक्सिजन सेन्सरच्या चारही, दोन पांढऱ्या, एक काळी, एक राखाडी. एकूण ६.

एका गॅरेजमध्ये विचारलं तर त्यांनी पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायला सांगितला, खर्च ऐकून आम्ही घरी आलो. मग एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने अर्ध्या तासात सहाही वायरी सोलून, पीळ मारून, काळी टेप गुंडाळून दिली. गाडी मस्त चालली. अकरा दिवस. बाराव्या दिवशी संध्याकाळी धो धो पावसात चांदणी चौकातून उतरताना परत तीच थरथर आणि तोच दिवा, मागे ट्रकचे हॉर्न, शेजारी बाबा, मी इंडिकेटर देऊन हळूहळू कडेला कशी आले ते माझं मलाच माहीत. दुसऱ्या दिवशी बघितलं तर एक्झॉस्टच्या उष्णतेने टेपचा गोंद चिकट पाण्यासारखा झालेला, टेप सरकलेली, आत पाणी, आणि पिळाची तांब्याची तार काळी पडायला लागलेली. त्या दिवशी ठरवलं की हे काम मी स्वतः शिकून करणार.

बाबांचं म्हणणं सरळ होतं, सोल्डर कर, म्हणजे कथील वितळवून डाग दे. त्यांनी तरुणपणी रेडिओ दुरुस्त केलेत, त्यांची सोल्डरिंग गन अजून कपाटात आहे आणि त्यांचा हात आजही इतका स्थिर आहे की डाग आरशासारखा चमकतो. पण वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी भोसरीला वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात बरीच वर्षं लाइनवर काम केलंय, त्या जिन्यात भेटल्या आणि ऐकून म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे दिवसाला हजारो जॉइंट निघायचे, एकालाही डाग नसायचा. दाबायचे. नीट दाबलेला जॉइंट सुटत नाही, आणि वाईट दाबलेला लगेच कळतो, फक्त ओढून बघायची सवय पाहिजे." आता बऱ्याच ठिकाणी असे जॉइंट अल्ट्रासोनिक वेल्डिंगने, म्हणजे अतिवेगवान कंपनांनी जोडूनसुद्धा करतात असंही त्या म्हणाल्या, पण तिथेही कथील वितळवून ओतत नाहीत.

मग मी आणि बाबांनी घरी एक प्रयोग केला. अर्धा स्क्वेअर एमएमची वायर घेतली, तिच्यात ०.२ मिलिमीटरच्या १६ बारीक तारा असतात. बाबांनी सुंदर जॉइंट सोल्डर केला. पण कथील जॉइंटपाशी थांबत नाही, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते तारांच्या मधून वर चढत जातं, इन्सुलेशनच्या आतसुद्धा, बाहेरून दिसत नाही. तेवढा भाग सळईसारखा कडक होतो आणि त्याच्या पुढे लगेच मऊ वायर. बोटांनी वाकवत राहिलं की सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं, आणि आमची वायर तिथेच तुटली, जॉइंटवर नाही, जॉइंटच्या कडेला. बाबा बराच वेळ ते टोक बघत राहिले, मग म्हणाले, "रेडिओ टेबलावर बसून असतो गं, तो हलत नाही." बरोबरच आहे. सोल्डर वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, दोन्ही बाजूंनी नीट आधार दिला तर तोही वर्षानुवर्षं टिकतो, पण सतत थरथरणाऱ्या इंजिनवर, बॉनेटखाली वाकून, वाऱ्यात, इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीपासून वीतभर अंतरावर गरम गन धरायची हे मला पटेना.

आणि ऑक्सिजन सेन्सरची तर वेगळीच गोष्ट आहे, ती कळल्यावर वाद मिटला. झिर्कोनियाचा हा सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनची तुलना बाहेरच्या स्वच्छ हवेतल्या ऑक्सिजनशी करतो, आणि बऱ्याच सेन्सरमध्ये ती बाहेरची हवा वायरीच्या आतून, तारांच्या फटींमधून सेन्सरपर्यंत जाते. म्हणजे वायर हीच त्याची श्वासनलिका. तिथे कथील भरलं किंवा फ्लक्स (सोल्डर करताना लावतात तो राळेसारखा पदार्थ) आत गेला की सेन्सर चुकीचं सांगायला लागतो. म्हणून त्याच्या वायरींना सोल्डर करायचा नाही, ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरही आत जाऊ द्यायचा नाही. दाबलेल्या जॉइंटमध्ये तारा दाबल्या जातात पण वरून कसलाही द्रव आत ओतला जात नाही.

खरेदीला शनिवारी सकाळी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, किती स्क्वेअर? म्हणजे वायरीच्या तांब्याची जाडी किती चौरस मिलिमीटर. हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे, कारण सगळीकडे सहज मिळणारे लाल प्लास्टिकचे बट कनेक्टर, म्हणजे दोन्ही बाजूंनी वायर घालून दाबायच्या छोट्या नळ्या, साधारण ०.५ ते १.५ स्क्वेअरसाठी असतात, निळे १.५ ते २.५, पिवळे ४ ते ६. आमच्या वायरी ०.५ च्या, म्हणजे लालच्या अगदी तळाच्या मापाच्या. मी तेच घेऊन आले होते आणि घरी पक्कडीने दाबले, दिसायला झकास, पण काकूंनी दोन टोकं धरून ओढलं आणि वायर लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर. दोन कारणं होती. नळीत वायर नीट भरतच नव्हती, आणि पक्कड नळीला फक्त चपटी करते, तारांना सगळीकडून आवळत नाही. काकू म्हणाल्या, दाब पुरेसा असला की तारांवरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो, तांबं तांब्याला भिडतं आणि मधे हवा शिरायला जागा उरत नाही, तेव्हाच तो जॉइंट म्हणायचा. त्यांच्या कारखान्यात दाबलेल्या भागाची उंची मायक्रोमीटरने मोजायचे, त्याला क्रिम्प हाइट म्हणतात, आणि शिफ्टचा पहिला पीस ओढून तोडून बघितल्याशिवाय मशीन पुढे चालत नसे.

मग काकूंनी सांगितलेली वस्तू शोधली. यू आकाराची उघडी छोटी पट्टी असते, दोन वायरी तिच्यात शेजारी शेजारी ठेवायच्या आणि दाबल्यावर तिचे दोन्ही कान आत वळून तारांमध्ये घुसतात, कापून बघितलं तर बी अक्षर आडवं झोपवल्यासारखं दिसतं. काकू तिला स्प्लाइस क्लिप म्हणतात. तपकीर गल्लीत मिळाली नाही, नाना पेठेत स्पेअर पार्टच्या चौथ्या दुकानात सुटी मिळाली. हिचा मोठा फायदा असा की दोन वायरी एकमेकींवर येतात, म्हणजे ०.५ अधिक ०.५ असा १ स्क्वेअरचा ऐवज त्या क्लिपमध्ये बसतो आणि क्लिप नीट भरते, बारीक वायरीची सगळी अडचण तिथेच सुटते. सोबत अशा उघड्या क्लिपचा साचा असलेलं रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल, म्हणजे जॉइंट दाबायचं हत्यार घेतलं, साडेबाराशेला. रॅचेट म्हणजे पूर्ण दाब पडेपर्यंत ते टूल उघडतच नाही, त्यामुळे आपला हात थकला म्हणून अर्धवट दाबलं असं होत नाही. या सगळ्यात पैसे कुठे घालायचे असतील तर या टूलमध्ये, बाकी सगळं स्वस्त चालेल.

वायर न कापता वरून टच्चकन बसणारे टॅप कनेक्टरही दुकानात दाखवले, पण त्यांची पाती इन्सुलेशन फोडून आत जातात, बारीक वायरीच्या चार-दोन तारा तुटायची भीती आणि पाण्याला वाट मोकळी, इंजिनपाशी मला ते नकोच होते.

गाडीला हात लावायच्या आधी मी टेबलावर २० जॉइंट केले. पहिले सहा-सात वाईट, कधी इन्सुलेशन क्लिपच्या आत दाबलं जायचं, कधी तारा बाहेर राहायच्या. नंतर हात बसला. प्रत्येक चांगल्या वाटणाऱ्या जॉइंटला ५ लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन बांधून उचलायचा, म्हणजे साधारण ५ किलो. पक्कडीने दाबलेले लाल कनेक्टर कॅन जमिनीवरून उठायच्या आधीच सुटले होते, क्लिपचे जॉइंट कॅन घेऊन गॅलरीभर फिरले तरी जागचे हलले नाहीत. एक जॉइंट आम्ही बारीक करवतीने मधोमध कापला, पॉलिश पेपरवर घासला आणि बाबांच्या घड्याळजींसारख्या भिंगातून बघितला, आणि ते दृश्य मी विसरणार नाही, गोल तारा गोल राहिलेल्याच नव्हत्या, एकमेकींवर दाबून मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी झालेल्या, मधे फटच नाही. बाबांनी भिंग काकूंच्या हातात दिलं तर काकू म्हणाल्या, "हां, हा पास."

मग मोजमाप. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लोड म्हणून घेतला, १२ व्होल्टला तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास खेचतो, आणि मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून वायरीच्या १० सेंटिमीटर तुकड्यावरचा ड्रॉप, म्हणजे तेवढ्यात किती व्होल्टेज कमी होतं ते, मोजला, ६ मिलिव्होल्टच्या जवळ आला. हिशोबानेही तेवढाच येतो, ०.५ स्क्वेअरच्या तांब्याला मीटरला ३५ मिलिओहमच्या आसपास रेझिस्टन्स असतो. आता मधे जॉइंट घेऊन तेवढ्याच अंतरावर मोजलं, आकडा जवळजवळ तोच. म्हणजे करंटला जॉइंट आहे हे जाणवतही नाही. गाडीतून कापून काढलेला पिळाचा जुना जॉइंट लावला तर आकडा शंभरच्या वर, आणि बोटाने हलवला की उड्या मारत होता. सेन्सरचा सिग्नल व्होल्टच्या दशांशात बदलतो, त्याच्या वायरीत असा सैल, हलणारा जॉइंट म्हणजे इंजिनला खोटी बातमी.

रविवारी सकाळी पाऊस थांबल्यावर काम सुरू केलं. इंजिन थंड, १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढून बाजूला. जुने पीळ कापले आणि तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे मागे कापत गेले, कारण ओल इन्सुलेशनच्या आत तारांमधून चढते आणि वरून वायर धडधाकट दिसली तरी आत काळी असते. काळ्या तारेवर कितीही चांगलं दाबा, उपयोग नाही. इंजेक्टरच्या वायरी एक इंचात चांगल्या निघाल्या, सेन्सरच्या राखाडी वायरीला मात्र जवळजवळ दोन इंच कापावं लागलं.

कापून झाल्यावर इन्सुलेशन सगळीकडून स्पिरिटने पुसायचं, कारण वर घालायची स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी, गोंदवाली आहे आणि तेलकट वायरीवर गोंद धरत नाही. नंतर स्लीव्ह आधी वायरीत ओवायची, आणि ओवून लांब सरकवून ठेवायची. हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बॅटरीवर चिकटवलं होतं, कारण जॉइंट दाबल्यावर स्लीव्ह घालायला रस्ताच नसतो. स्लीव्ह साधी नाही, आतून गोंद असलेली, तिप्पट आकसणारी घ्यायची, मी ४.८ मिलिमीटरची घेतली. सोलायचं स्ट्रिपरनेच, दातांनी किंवा ब्लेडने नाही, १६ पैकी २ तारा तुटल्या तरी आठवा हिस्सा वायर गेली. सोलल्यावर तारा हलक्या हाताने एकत्र करायच्या, जोरात पीळ घालायचा नाही, दोन टोकं क्लिपमध्ये समोरासमोरून आणून एकमेकींवर ठेवायची आणि दाबायचं. कट कट कट, आणि टूल आपोआप उघडतं. लगेच ओढून बघायचं, मनगटात जोर आणून, नाजूकपणा करायचा नाही, सुटायचाच असेल तर तो घरच्या पार्किंगमध्ये सुटलेला बरा.

चौथा जॉइंट सुटला. राखाडी वायर आधीच आखूड झालेली, ताणून धरल्यामुळे क्लिपमध्ये तिचं टोक नीट बसलंच नव्हतं. परत कापली आणि आता ती पोचतच नव्हती. ताणून जोडायचा मोह होतो अशा वेळी, पण काकूंनी साफ नाही सांगितलं, ताणलेली वायर इंजिनच्या प्रत्येक धक्क्याला जॉइंट ओढत राहते. म्हणून ८ सेंटिमीटरचा त्याच जाडीचा, उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशनचा तुकडा मधे टाकला आणि तिथे एकाच्या जागी दोन जॉइंट झाले. असे ७. दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या असतात, त्यांची आपसात अदलाबदल झाली तरी फरक पडत नाही, पण काळी आणि राखाडी म्हणजे सिग्नल आणि त्याची ग्राउंड, त्या मात्र दोनदा तपासून जोडल्या.

चारही वायरींचे जॉइंट एका रेषेत ठेवले नाहीत, तीन-तीन सेंटिमीटर मागेपुढे, म्हणजे सगळे एका जागी येऊन गाठ फुगत नाही आणि एखादी स्लीव्ह कधी फाटलीच तरी शेजारचं तांबं समोर नसतं. लायटर मी इंजिनपाशी पेटू दिला नाही, वॉचमनकाकांच्या केबिनमधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून हीट गन लावली, तीही इंजेक्टरच्या जवळ अगदी थोडी आणि मागे जुना टाइलचा तुकडा आड धरून. स्लीव्ह मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे गरम करत न्यायची, टोकातून गोंदाचा बारीक थेंब सगळीकडून डोकावला की सील झालं. वरून पन्हाळीसारखी कॉरुगेटेड पाइप, आणि प्रत्येक जॉइंटच्या अलीकडे-पलीकडे झिप टाय, म्हणजे जॉइंट लोंबकळत हलत नाही. एक्झॉस्टपासून पाइप शक्य तितकी लांब बांधली.

निगेटिव्ह लावली, कोड पुसले, चावी फिरवली. इंजिन इतकं शांत चालू झालं की बाबांनी बॉनेटवर हात ठेवून खात्री केली. फोनवर सेन्सरचा आलेख लावला, इंजिन गरम झाल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सारखा वरखाली, जसा असायला हवा तसाच. त्याच संध्याकाळी बोपदेव घाट चढून उतरलो, मग आठवडाभर रोज ऑफिस, गणपतीत परत सांगली, दिवा लागला नाही. बॉनेटखाली आता रोज रात्री छोटा विजेचा दिवा चालू ठेवतो आणि खाली पार्किंगमध्ये कुणी खाणं टाकू नये म्हणून सोसायटीत पाठ पुरवलाय, कारण परत कुरतडलं तर एवढं सगळं वाया.

डिसेंबरमध्ये पाइप उघडून एकेक जॉइंट परत बघितला. सहा जसेच्या तसे, स्लीव्ह घट्ट, वायर कोरडी, ड्रॉप तेवढाच. सातवा म्हणजे राखाडी वायरीच्या तुकड्याचा सेन्सरकडचा जॉइंट, त्याच्या स्लीव्हचं एक टोक अर्ध्या बाजूने सुटलं होतं, तिथे वायरीवर तेल राहिलं असणार, पुसताना तो भाग खालच्या बाजूला होता आणि माझ्या नजरेतून गेला. आत पाणी गेलेलं नव्हतं, रीडिंगही ठीक होतं, तरी तो कापला, या वेळी तुकडा थोडा लांब घेतला, वायर गोल फिरवून चारही बाजूंनी पुसली आणि परत दाबला. बाबांनी टॉर्च धरला होता, ओढून त्यांनीच बघितलं.